गाडीची चावी हरवली: नवी कशी करायची आणि जुनीचं काय करायचं

चावी हरवली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नवी कधी मिळेल आणि किती पैसे पडतील? दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारतच नाही: ती हरवलेली चावी उद्या कुणाला सापडली, तर तिनं गाडी चालू होईल का? नवी चावी हातात आली की जीव भांड्यात पडतो आणि विषय तिथंच मिटतो. पण नवी चावी बनणं आणि जुनी बाद होणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झालं म्हणून दुसरं आपोआप होईलच असं नाही, आणि पुष्कळदा होतही नाही.

असं का, ते कळायला आधी चावीच्या आत डोकावायला हवं.

एका चावीत तीन चाव्या

रिमोटवाल्या साध्या चावीत तीन स्वतंत्र गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात: धातूचं पातं, चिप आणि रिमोट. तिघांची कामं वेगळी. रिमोटचा सेल संपला तरी गाडी चालू होते, पातं झिजलं तरी चिप ठणठणीत असते. चावीवाला ‘डुप्लिकेट बनवून देतो’ म्हणतो, तेव्हा या तिघांपैकी नेमकं काय बनवून देणार, हे विचारायला हवं.

पात्याचं काम फक्त कुलपापुरतं. गाडीच्या कुलपात पितळेच्या पातळ पट्ट्या स्प्रिंगवर ओळीनं बसवलेल्या असतात, साधारण आठ-दहा. पात्यावरची प्रत्येक खाच आपापल्या पट्टीला नेमकं हवं तेवढंच सरकवते. सगळ्या पट्ट्या एका पातळीत आल्या की कुलूप फिरतं. या खाचांच्या खोलीची मापं चार-पाचच असतात, त्यामुळे अख्ख्या पात्याचं वर्णन एका छोट्या नंबरात मावतं. नवी गाडी घेताना चाव्यांच्या जुडग्यात पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा एक बिल्ला येतो, त्यावर हा नंबर असतो. बहुतेक जण तो चावीसोबतच कीचेनमध्ये अडकवून ठेवतात, म्हणजे चावीबरोबर तोही जातो. पहिल्याच दिवशी काढून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवण्याची ती वस्तू आहे.

या बिल्ल्याचं महत्त्व झिजलेली चावी पाहिली की पटतं. दहा वर्षं वापरलेल्या पात्याच्या खाचांच्या कडा बोटाला गोल लागतात. अशा चावीवरून डुप्लिकेट कापली तर मशीन ती झीजही इमानेइतबारे उतरवतं, वर स्वतःची केसभर चूक घालतं. मग ती चावी दाराला लागते, पण इग्निशनमध्ये दोनदा हिसडावी लागते आणि एक दिवस अडकते. नंबरावरून कापलेलं पातं मात्र फॅक्टरीतून निघालेल्या मापाचं असतं. हाताशी जुनी चावी असली तरी नंबरावरूनच कापून मागावी. पात्याच्या मधोमध नागमोडी खोबण असेल तर तिला ‘लेझर कट’ म्हणतात. नावात लेझर असलं तरी ती खोबण छोट्या गोल कटरनंच कोरतात, आणि त्यासाठीचं मशीन नाक्यावरच्या प्रत्येक दुकानात नसतं.

खरी राखण चिप करते. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात काचेची बारीक नळी किंवा काळी चौकोनी वडी असते. वडी १२ मिमी लांब, ६ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढी. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की त्यातून १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती गाडीशी बोलायला लागते. म्हणूनच रिमोट पूर्ण मेलेला असला तरी चावी इग्निशनमध्ये घातल्यावर गाडी सुरू होते.

हे बोलणं कसं होतं? अगदी जुन्या चिपा आपला ठरलेला क्रमांक सांगायच्या. असा क्रमांक एकदा कुणी टिपला की तो नव्या चिपमध्ये भरता येतो. म्हणून पुढच्या चिपा गणित सोडवायला लागल्या. गाडी दर वेळी वेगळी संख्या चिपकडे फेकते, चिप तिच्याजवळच्या गुप्त आकड्यानं त्या संख्येवर हिशेब करून उत्तर देते. गाडीकडेही तोच गुप्त आकडा असतो, तीही हिशेब करते. उत्तरं जुळली तरच इंजिनाला इंधन आणि ठिणगी मिळते. मधे कुणी ऐकत असेल तर त्याला आजचा प्रश्न आणि आजचं उत्तर कळतं. उद्याचा प्रश्न वेगळा असतो. या सगळ्या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. मारुतीच्या गाड्यांवर ‘आय-कॅट्स’ हे नाव दिसतं, ते याचंच.

युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या कारला इमोबिलायझर सक्तीचा झाला. अमेरिकेत तशी सक्ती कधीच नव्हती, आणि त्याचा परिणाम २०२१ नंतर तिथं रस्त्यावर दिसला. किया आणि ह्युंदाईची तिथल्या बाजारातली बरीच मॉडेलं इमोबिलायझरशिवाय विकली गेली होती. स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिक उपटून आत यूएसबी केबलचं टोक घालून पोरांनी गाड्या पळवल्या. तिथल्या विमा-दाव्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटच्या मोजणीनुसार २०१५ च्या मॉडेलांमध्ये या दोन कंपन्यांच्या फक्त २६ टक्के गाड्यांना इमोबिलायझर मूळचाच होता, इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना. बटणाएवढ्या वडीची किंमत ती हीच.

तुमच्या गाडीला चिप आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं. चावीच्या डोक्याला स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचे दोन-तीन घट्ट वेढे द्या आणि गाडी चालू करून बघा. इंजिन पेटलंच नाही किंवा दोन सेकंदांत बंद पडलं आणि मीटरवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकायला लागलं, तर चिप आहे. फॉइल काढलं की सगळं पूर्ववत. पद्मिनी, ॲम्बॅसडर किंवा जुन्या मारुती ८०० वर हा प्रयोग करण्यात अर्थ नाही. तिथं पातं म्हणजेच सगळं.

रिमोट हा तिसरा भाग, आणि सुरक्षेच्या दृष्टीनं सर्वांत कमी गंभीर. भारतातल्या गाड्यांचे रिमोट बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. दर दाबाला त्यातून नवा कोड जातो. आत एक मोजणी पुढं सरकत असते, गाडी त्या मोजणीचा माग ठेवते आणि एकदा वापरलेला कोड पुन्हा स्वीकारत नाही. लहान मूल घरात बसून रिमोटचं बटण पन्नासदा दाबतं, तेव्हा चावीची मोजणी पुढं जाते आणि गाडी मागं राहते. बऱ्याच वर्षांपासून प्रचलित असलेल्या कीलॉक पद्धतीत गाडी पुढच्या १६ कोडपर्यंतचा फरक निमूट मान्य करते. फरक त्याहून जास्त असेल तर पहिला दाब फुकट जातो, लागोपाठचा दुसरा दाब जुळला की गाडी मोजणी दुरुस्त करून घेते. पोराच्या हातून सुटका झाल्यावर रिमोट एकदा ‘चालत नाही’ आणि लगेच चालायला लागतो, ते यामुळे.

पहिला तास

घाबरून चावीवाल्याला फोन लावण्याआधी दोन गोष्टी ठरवा. एक, घरी दुसरी चावी आहे का. दोन, चावी कुठं आणि कशाबरोबर गेली.

दुसरी चावी असेल तर ती मागवून गाडी त्या जागेवरून हलवा. हरवलेली चावी ज्याला सापडेल तो तिचं बटण दाबून बघणार, आणि जवळ उभी असलेली गाडी लगेच डोळे मिचकावणार. चावी अलिबागच्या समुद्रात पोहताना गेली असेल तर धोका जवळपास शून्य. खारं पाणी रिमोटचं सर्किट खातं आणि चावी कुणाला सापडायचीही नाही. पण सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर लिहिलेल्या कीचेनसकट गेली, किंवा आरसीची प्रत असलेल्या पाकिटासोबत गेली, तर ती चावी सापडणाऱ्याला तुमच्या दारापर्यंत आणून सोडते. पुढचे सगळे निर्णय याच फरकावर बेतायचे.

मग पोलिसांत नोंद. चावी नुसती हरवली असेल तर गुन्हा घडलेला नसतो, त्यामुळे एफआयआर होत नाही, गहाळ वस्तूची नोंद होते. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘लॉस्ट अँड फाउंड’ या सदरात ती घरबसल्या करता येते. पण पर्स हिसकावून नेली किंवा घरफोडीत चावी गेली, तर तो गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ खाली येते आणि हिसकावून नेणं कलम ३०४ खाली. ठाण्यात ‘गहाळ लिहून टाकू, सोपं पडेल’ असं कुणी सुचवलं तरी चोरीचं गहाळ करून घेऊ नये. त्याचं कारण विम्याच्या भागात येईल.

एक चावी असताना आणि एकही नसताना

कामाची अवघडता, वेळ आणि खर्च एकच गोष्ट ठरवते: एखादी चालू चावी उरली आहे की नाही. एक चालू चावी हातात असेल तर गाडी स्वतःच्या चाकांवर वर्कशॉपला जाते, मूळ चावीच गाडीला ‘मी मालक आहे’ असं पटवून देते आणि नवी चावी नोंदवणं पुष्कळदा तासाभराचं काम असतं. एकही चावी नसेल तर स्टिअरिंग लॉक झालेलं असतं, ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्ये (पार्किंगच्या गिअरमध्ये) अडकलेली असते, गाडी फ्लॅटबेड म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. दोनच चाकं उचलून ओढत नेणाऱ्या साध्या टोइंगला अशी गाडी देऊ नये. स्टिअरिंग लॉकवर आणि गिअरबॉक्सवर ताण येऊ शकतो.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आरसी, मालकाचं ओळखपत्र, लेखी अर्ज आणि सहसा पोलिसांकडच्या नोंदीची प्रत मागतात. मालक स्वतः येणार नसेल तर अधिकारपत्र. चावीचा नंबर हाताशी असेल तर ऑर्डर लगेच जाते. नसेल तर चासी नंबरावरून कंपनीकडं विचारणा होते. चावी वर्कशॉपच्या कपाटात तयार नसते, ती मागवावी लागते, त्यामुळे काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. साध्या चिपवाल्या चावीला काही हजार रुपये लागतात, पुश बटण गाडीच्या, म्हणजे बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीच्या, खिशातच राहणाऱ्या स्मार्ट चावीला त्याच्या कित्येक पट. एकही चावी नसल्यास काही मॉडेलांत नुसती चावी न देता इग्निशन, दारं आणि डिकीचा अख्खा कुलूप-संचच सांगतात. तो खर्च ऐकून लोक चावीवाल्याकडं वळतात, आणि त्यात गैर काही नाही, फक्त तो काय करतो हे माहीत असावं.

चावी आली की तिची नोंदणी. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट. तिथं स्कॅनर जोडून, गाडीचा गुप्त पिन देऊन, नवी चिप गाडीच्या यादीत चढवली जाते. उदाहरणार्थ ह्युंदाईत याला ‘की टीचिंग’ म्हणतात. सहा अंकी पिन लागतो आणि इमोबिलायझरवाल्या गाडीला चारपर्यंत चाव्या शिकवता येतात. इथं एक खुबी आहे. नवी शिकवणी सुरू झाली की आधीच्या सगळ्या चाव्या यादीतून पुसल्या जातात, आणि त्या वेळी एकेक करून समोर आणल्या जातील तेवढ्याच पुन्हा चढतात. म्हणजे हरवलेली चावी त्याच क्षणी बाद होते, जे आपल्याला हवंच असतं. पण घरी ड्रॉवरमध्ये राहिलेली चावीही बाद होते. ‘सगळ्या चाव्या घेऊन या’ असं वर्कशॉपवाला सांगतो ते यासाठी, आणि नेमकी हीच सूचना लोक कानाआड करतात.

सगळ्याच गाड्या अशा वागत नाहीत. कित्येक मॉडेलांत नवी चावी नुसती जोडली जाते आणि जुन्या यादीत तशाच राहतात. हरवलेली बाद करायला वेगळा आदेश द्यावा लागतो. काहींत घाईही चालत नाही: फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत यंत्रणा दहा मिनिटं थांबवते, टोयोटाच्या काहींत सगळ्या चाव्या गेल्यावर रिसेटला १६ मिनिटं लागतात. चोराला रस्त्यावर १६ मिनिटं बसवून ठेवणं हाच त्यामागचा हेतू.

नक्कल आणि नोंदणी

चावीवाला चिपचं काम दोन पद्धतींनी करतो आणि दोघांनाही ‘डुप्लिकेट’च म्हणतो. घोळ इथं होतो.

पहिली पद्धत नकलेची. तुमची चालू चावी तो एका छोट्या यंत्रात धरतो, तिची ओळख वाचतो आणि कोऱ्या चिपमध्ये जशीच्या तशी उतरवतो. गाडीच्या यादीत काही बदलावं लागत नाही, काम लवकर होतं, स्वस्तही पडतं. बाजारात ‘आयडी-४६’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिपा असलेल्या पुष्कळ गाड्यांत हे जमतं. पण गाडीच्या लेखी आता दोन चाव्या नाहीत, एकाच चावीची दोन शरीरं आहेत. उद्या त्यातली एक हरवली तर फक्त तिला बाद करता येत नाही. ओळख पुसली की दोन्ही मेल्या.

दुसरी पद्धत नोंदणीची, कंपनी करते तशीच. चावीवाल्याचा स्कॅनर ओबीडीतून किंवा काही गाड्यांत डॅशबोर्ड उघडून मेमरी चिपमधून गाडीचा पिन काढतो आणि नवी चिप स्वतंत्र ओळखीनं चढवतो. इथं प्रत्येक चावी वेगळी राहते, हवी ती बाद करता येते.

आपत्कालीन जादा चावी म्हणून नक्कल पुरेशी आहे. चावी हरवल्यानंतर मात्र नक्कल करून घेणं म्हणजे अर्धंच काम. अशा वेळी नोंदणीच मागावी, थोडे पैसे जास्त गेले तरी. काम झाल्यावर स्कॅनरच्या पडद्यावर ‘नोंदवलेल्या चाव्या’ हा आकडा दाखवायला सांगा. बहुतेक स्कॅनर तो दाखवतात. तुमच्या हातात दोन चाव्या आहेत आणि पडद्यावर तीन दिसतात, तर तिसरी म्हणजे हरवलेली, आणि ती अजून जिवंत आहे. ज्या कामाचे पैसे मोजले ते झालं की नाही, हे त्या एका आकड्यावरून कळतं. तो आकडा न बघता निघू नये.

आणि चिप बाद झाली तरी पातं उरतंच. हरवलेल्या चावीनं गाडी चालू होणार नाही, पण दार उघडेल. डिकीत लॅपटॉप ठेवणाऱ्यानं आणि पत्त्यासकट चावी गमावणाऱ्यानं कुलूप बदलण्याचा विचार करावा. त्यासाठी दरवेळी नवा संच लागतो असं नाही. चांगला कारागीर दाराचा सिलिंडर खोलून आतल्या पितळी पट्ट्यांची अदलाबदल करतो, म्हणजे खाचांचा क्रम बदलतो आणि जुनं पातं लागत नाही. वेळखाऊ काम आहे, कमी जण करतात.

हमखास होणाऱ्या चुका

चावीचं कव्हर तुटलं म्हणून ऑनलाइन नवी फ्लिप केस मागवतात. जुन्यातलं सर्किट आणि सेल नव्यात हलवतात, केस छान बसते, रिमोट वाजतो, दार उघडतं आणि गाडी चालू होत नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन पेटत नाही. कारण ती १२ मिमीची काळी वडी जुन्या केसच्या खोबणीत चिकटलेली राहिली, आणि केस तोवर कचऱ्यात गेलेली. सर्किटवर नसलेली, वेगळी बसवलेली चिप आहे का, हे केस फेकण्याआधी उजेडात बघावं. ती काढताना स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नये. काचेची नळी असेल तर फुटते आणि मग प्रकरण सरळ वर्कशॉपला जातं.

दोन चिपवाल्या चाव्या एकाच कड्यात ठेवू नयेत. इग्निशनच्या वेटोळ्याला दोघींचे आवाज एकदम ऐकू येतात आणि गाडी गोंधळून नकार देते. अधूनमधून न चालू होणाऱ्या गाडीचा महागडा तपास करण्याआधी कडं एकदा रिकामं करून बघावं.

नोंदणी चालू असताना गाडीची बॅटरी ढासळली तर फार वाईट. इग्निशन चालू ठेवून वीस-पंचवीस मिनिटं काम चालतं, कमकुवत बॅटरीचा दाब मधेच पडतो आणि अर्धवट लिहिलेला कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला संगणक, निकामी होऊ शकतो. जाणता माणूस आधी बॅटरी तपासतो किंवा चार्जर जोडतो. तो जोडत नसेल तर आपण आठवण करून द्यावी.

जुना रिमोट विकत घेण्याचा मोहही आवरावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कुठल्याही जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तुमच्यासारखाच दिसणारा रिमोट स्वस्तात मिळतो. पण बऱ्याच स्मार्ट चाव्या एकदा एका गाडीशी बांधल्या गेल्या की कायमच्या कुलूपबंद होतात. खास यंत्रानं मोकळ्या केल्याशिवाय दुसऱ्या गाडीला लागत नाहीत. अमेरिकेतून कुणी रिमोट आणून देत असेल तर आणखी एक अडचण: तिथं बरेच रिमोट ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात. बाहेरून हुबेहूब सारखा आणि आतून पूर्ण बहिरा.

सेल बदलताना मात्र वर्कशॉपची गरज नाही. सेलवर पुष्कळदा सीआर-२०३२ असं लिहिलेलं असतं: २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी. सीआर-२०१६ तेवढाच रुंद, पण १.६ मिमी जाड. २०३२ च्या जागी २०१६ बसवला तर तो आत हलतो आणि रिमोट कधी चालतो, कधी नाही. स्मार्ट चावीचा सेल मधेच संपला तर तिच्या पोटात लपवलेलं धातूचं पातं काढून दार उघडा, मग चावीच स्टार्ट बटणाला टेकवा किंवा तिनंच बटण दाबा. तिथलं तारेचं वेटोळं चावीतल्या चिपला सेलशिवाय जागं करतं. काही गाड्यांत ही जागा कप होल्डरमध्ये किंवा कन्सोलच्या खणात असते, मॅन्युअलमध्ये चित्र दिलेलं असतं.

खिशातली चावी आणि लांबवलेला हात

पुश बटण गाडीत गाडीच चावीला हाक मारते: दाराच्या हँडलजवळचा अँटेना १२५ किलोहर्ट्झवर मीटर-दीड मीटर पोचेल एवढीच हाक देतो, चावी ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. चावी जवळ आहे असं गाडी समजते ते केवळ हाक कमी अंतर जाते म्हणून. ती हाक दुसऱ्या यंत्रानं उचलून लांब पोचवली तर? २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी दहा मॉडेलांवर हे करून दाखवलं, आणि त्यानंतर युरोपात हीच चोरीची नेहमीची पद्धत झाली. एक जण गाडीजवळ, दुसरा घराच्या दाराशी, जिथं आत खुंटीला चावी लटकलेली. कुठलाही कोड फोडावा लागत नाही, गणित कितीही अवघड असो.

उपाय साधा आहे: चावी दारापासून लांब ठेवायची किंवा धातूच्या अस्तराच्या पाकिटात. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबाही चालतो, पण भरवसा ठेवण्याआधी डबा हातात घेऊन गाडीपाशी जा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर डबा निकामी. नव्या चाव्यांपैकी काहींत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो; काही मिनिटं स्थिर पडून राहिली की चावी झोपते आणि हाकेला ओ देत नाही. गाडी घेताना शोरूममध्ये हे विचारून घ्यावं, सेल्समनला बहुधा माहीत नसतं.

विमा आणि दोन चाव्यांचा प्रश्न

साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत हरवलेल्या चावीचा खर्च मिळत नाही. त्यासाठी ‘की रिप्लेसमेंट’ नावाचं जादा कव्हर घ्यावं लागतं, वर्षात किती वेळा आणि किती रकमेपर्यंत हे कंपनीगणिक बदलतं. स्मार्ट चावी असेल तर ते घेण्यासारखं आहे; चिप नसलेल्या गाडीला पैसे वाया.

पण चावीचा मोठा हिशेब गाडी चोरीला गेल्यावर येतो. दावा करताना विमा कंपनी आरसी, एफआयआर, पोलिसांचा अंतिम अहवाल (महाराष्ट्रात गुन्हा खरा पण तपास लागला नाही याला ‘अ समरी’ म्हणतात) यांच्यासोबत गाडीच्या दोन्ही चाव्या मागते. तुमच्याकडून एकच चावी आली तर पुढचा प्रश्न ठरलेला: दुसरी कुठं? गाडीतच विसरली होती का? चावी हरवली तेव्हाची, चोरीच्या आधीच्या तारखेची पोलिस नोंद आणि नवी चावी केल्याची पावती, हेच त्याचं उत्तर. चोरीला गेलेल्या चावीची ‘गहाळ’ म्हणून नोंद केली असेल तर पुढं कागदांत विसंगती दिसते. आणि चाव्या देताना नक्कल केलेली चावी मूळ म्हणून देऊ नये. तपासणीत तिच्यावरच्या कापणीच्या खुणांवरून फरक ओळखू येतो.

दुचाकीबद्दल थोडक्यात

बहुतेक स्कूटर-मोटरसायकलींना चिप नसते. २०२३ च्या जानेवारीत आलेल्या ॲक्टिव्हा एच-स्मार्टसारख्या थोड्या गाड्या वेगळ्या. बाकीच्यांना नाक्यावरची डुप्लिकेट लगेच चालते, तिच्यात फक्त एक फट राहते. स्कूटरच्या इग्निशनवर झाकण असतं, ते चावीच्या डोक्यावरच्या षट्कोनी टोकातल्या चुंबकांनी उघडतं. नाक्यावरच्या डुप्लिकेटला ते टोक नसतं. झाकण सरकवून गाडी लावलीत आणि मूळ चावी हरवली, की डुप्लिकेट हातात असूनही कुलपापर्यंत पोचता येत नाही. ती डुप्लिकेट बाळगणाऱ्यानं झाकण लावायचं नाही, किंवा चुंबकवाली चावी कंपनीकडून नंबर देऊन मागवायची.

जुनी गाडी विकत घेताना

चारचाकी जुनी घेताना दोन्ही चाव्या आणि नंबरचा बिल्ला व्यवहाराच्या दिवशीच मागावा. ‘दुसरी घरी आहे, नंतर देतो’ असं म्हणणाऱ्याकडून ती येत नाही हे गृहीत धरावं आणि नव्या चावीचा खर्च भावातून वजा करावा. आरसी नावावर झाली की पहिल्या सर्व्हिसिंगला स्कॅनर लावून चाव्यांचा आकडा बघा. तीन दिसत असतील आणि तुमच्याकडे दोन असतील, तर यादी पुसून फक्त त्या दोनच पुन्हा चढवून घ्या. आधीच्या मालकाच्या मेव्हण्याकडे राहिलेली चावी त्या दिवसापासून नुसतं पातं होते.